कूलर घेऊन वाळवंटात

वाळवंटातून परत येऊन मी शाळेत रुजू झाले, तर स्टाफरूममध्ये माझ्याआधी बातमी येऊन बसली होती: निमजे बाई राजस्थानात कूलर घेऊन गेल्या. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "खरंच?" वाळू कशी होती, उंट पाहिला का, खाल्लं काय, हे कोणीही विचारलं नाही. एकेकीला सांगता सांगता घसा बसला, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकते. ज्यांना फक्त कूलरचंच ऐकायचं आहे त्यांनाही शेवटपर्यंत वाचावं लागेल, कारण कूलरचं खरं काम शेवटी आहे.

आधी आमच्या यांच्याबद्दल सांगते. यांची उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर मीटरचे काटे आणि यांचं काम त्या काट्यांवर नजर ठेवायचं. प्रेशर उतरलं की घंटा वाजायची, घंटा वाजली की साहेब ओरडायचे. रिटायर झाल्यावर आम्ही कॉलनीतलं क्वार्टर सोडून प्रतापनगरात राहायला आलो आणि इथे यांना पाहायला काटेच उरले नाहीत. पहिलं वर्ष ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून होते. पाळीची वेळ झाली की उठायचे, चपला घालायचे, आणि काही आठवल्यासारखं करून पुन्हा काढून ठेवायचे. मी कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. खरं सांगते, मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

मग एके दिवशी ते एक जुनी, ताडपत्रीच्या टपाची फोर व्हील जीप घेऊन आले. त्या दिवसापासून माणूस खुर्चीतून उठला तो थेट गाडीखाली गेला. जेवायला हाक मारली की गाडीखालून नुसते पाय हलायचे. अंगणात माझ्या मोगऱ्याच्या कुंड्या होत्या, तिथे आता डिझेलचे डबे आले. घरातली चांगली पातेली ग्रीसची झाली. मला बोलायचं ते मी बोलले, पण गाडी सहन केली.

सहन केली ती गेल्या पावसाळ्यापर्यंत. उमरेडला माझं माहेर. माझ्या भावाने हातमाग कधीच सोडला, आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे, पण घर तेच आहे, गावाच्या कडेला, शेतांच्या लगत. भाच्याच्या साखरपुड्याला आम्ही जीपने गेलो. रस्ता सरळ दारापर्यंत जात होता. पण यांना सगळ्या सोयऱ्यांसमोर गाडी शेतातून आणायची हौस आली. काळी माती, त्यात आठवडाभराचा पाऊस. गाडी माझ्या माहेरच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर जी रुतली ती हलेचना. शेवटी शेजारच्यांची बैलजोडी आणून ओढून काढावी लागली. मी नव्या लुगड्यात गुडघाभर चिखलातून चालत साखरपुड्याला पोहोचले. सगळ्या वहिन्या, मावश्या ओसरीत ओळीने उभ्या राहून बघत होत्या.

घरी आल्यावर मी अट घातली. "बैलांनं ओढली तुमची गाडी, माह्या माहेरासमोर! आता पुन्हा एकदा हिले कोणी ओढून काढलं ना, तर विकायची. मग मी काही ऐकणार नाही."

"विकू," हे म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

आमच्या यांच्यात एक दोष आहे. ते दिलेला शब्द पाळतात.

हे बोलणं झालं तेव्हा साक्षीला हरीश बसला होता, आमचा चहा पीत. हरीशचं जरीपटक्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जीपच्या निमित्ताने त्याची आणि यांची दोस्ती जमली. त्याच्याकडे स्वतःची नवी कोरी, टाकीएवढी मोठी गाडी आहे आणि तिच्या मागच्या भागात, रुतलेली गाडी ओढायचा, जाडजूड दोर कायम गुंडाळून ठेवलेला असतो. त्या दोराने कोणाला तरी ओढायला मिळावं ही त्याची आयुष्यातली एक इच्छा आहे. वाळवंटाची टूम त्यानेच काढली. जैसलमेरच्या पुढे ओळखीचा माणूस आहे, दोन दिवस वाळूत गाडी चालवू, तंबूत राहू. "भाऊ, वीकेंड ट्रिप है," तो म्हणाला. शनिवार-रविवारच्या त्या वीकेंडला जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस लागतात, हे त्याने शेवटी सांगितलं. मी माझी शिल्लक रजा टाकली. नवऱ्याला एकट्याला जाऊ दिलं असतं तर गाडी रुतल्याचं मला कळलंच नसतं ना!

तयारी

नागपूरच्या माणसाला उन्हाचा एक अहंकार असतो. पुण्याचे पाहुणे मे महिन्यात आले आणि "बाप रे, काय हे ऊन" म्हणाले की आम्हाला आतून बरं वाटतं. आम्ही त्यांना ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायला देतो आणि "हे काहीच नाही, गेल्या वर्षी पाहायचं होतं" असं सांगतो. त्यामुळे वाळवंटात जायचं म्हटल्यावर आम्ही दोघांनी साधा हिशेब केला. नागपुरात वाळू नाही, तरी एवढं तापतं. तिथे तर नुसती वाळूच आहे. म्हणजे किती तापत असेल!

शिवरात्र होऊन गेली होती. आमच्याकडे शिवरात्रीला थंडी संपते, त्यावर पुन्हा चर्चा होत नाही. स्वेटर धुऊन वरच्या खणात गेले होते आणि ते खाली काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मी सुती साड्या घेतल्या, डोक्याला बांधायचे पांढरे दुपट्टे घेतले, पिशवीभर कांदे घेतले. पांघरायला दोन पातळ चादरी. आणि निघायच्या सकाळी पाहते तर हे जीपच्या मागच्या बाजूला कूलर चढवत होते.

हा आमचा छोटा कूलर. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने पत्र्याचा बनवून दिलेला. तीन बाजूंना पत्र्याच्या जाळीच्या मोठ्या चौकटी, त्यांच्यात वाळा भरलेला. पाणी सुरू केलं की घरभर वाळ्याचा वास.

"अवो, कूलर कोठी घेऊन चालले?"

"वाळवंटात."

"लाइट कोठून आणसान तिथी?"

"इन्व्हर्टर लावला गाडीले. सगळ्या महाराष्ट्राले लाइट देली मी, एका कूलरले नाही देऊ शकत?"

"लोक हसतीन."

"हसणाऱ्याले हवा नाही देणार."

 आता लिहिताना मोठेपणा मिरवत नाही, मलाही तेव्हा कूलर फार चुकीचा वाटला नव्हता. फक्त तो माझ्या बसायच्या जागेत घुसत होता, एवढंच माझं म्हणणं होतं.

शनिवार

जाण्याचे दोन दिवस मी गाळते. ज्यांनी जुन्या जीपमध्ये कूलरला पाठ लावून दोन राज्यं ओलांडली आहेत त्यांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

जैसलमेर सोडलं, पर्यटकांच्या गर्दीचा भागही मागे पडला, आणि डांबरी रस्ता हळूहळू वाळूखाली गेला. मी गाडीतून उतरून वाळूत पाय ठेवला. आमची जमीन काळी. पाऊस पडला की चपलेला धरते आणि सोडत नाही, उन्हाळ्यात तडकते, पायाला टोचते. तिचा काही ना काही स्वभाव आहे. ही वाळू पायाला काहीच म्हणत नव्हती. पाऊल आत गेलं, बाहेर काढलं, खूण आपोआप भरून आली. वाऱ्याने तिच्यावर बारीक बारीक रेघा काढल्या होत्या आणि त्या रेघा पार आभाळापर्यंत गेल्या होत्या. मी वाकून मूठभर घेतली. ऊबदार होती आणि पिठासारखी मऊ.

ज्याच्याकडे उतरायचं तो माणूस म्हणजे भँवरसिंग. चार घरांच्या वस्तीजवळ त्याचे तंबू होते, एक उंट होता आणि पुष्कळ बकऱ्या. मोठं पागोटं, त्याहून मोठ्या मिशा. त्याने आम्हाला "पधारो" म्हटलं, आणि पहिलं काम सांगितलं ते टायरची हवा कमी करायचं. वाळूत टायर मऊ लागतो, पसरतो, मग गाडी वर तरंगते.

हरीश ताबडतोब गुडघ्यावर बसला आणि त्याच्या टायरमधून सूंऽऽ असा आवाज यायला लागला. आमचे हे त्या आवाजाने अस्वस्थ झाले. मला त्यांच्या चेहऱ्यावर कंट्रोल रूम दिसली.

"भाऊ, निकालो ना हवा. आधी कर दो."

"अर्धी?" हे म्हणाले. "हरीश, जिंदगीभर प्रेशर चढवलं गा मी. उतरवून कसं चालन?"

"अरे भाऊ, बॉयलर नहीं है, टायर है!"

"टाइट टायर चिखल कापते, वाळू काहून नाही कापणार?"

हरीशने कपाळाला हात लावला. त्याची बायको कविता गाडीच्या एसीत बसून खिडकीतून आमचं मोबाइलवर चित्रण करत होती. माझ्या शाळेपर्यंत बातमी कशी पोहोचली हे इथे कळावं, कारण कविताची भाची आमच्याच शाळेत गणित शिकवते.

दुपारी चक्कर झाली, ती लहान लहान टेकड्यांवर. कडक टायर घेऊन हे जोरात गाडी हाणत होते आणि केवळ वेगामुळे निभावून जात होतं. मी दांडीला धरून देवाचं नाव घेत होते. मनात मात्र वेगळंच चाललं होतं: रुतली की विकली, रुतली की विकली.

परत तंबूपाशी आलो तर खरोखर ऊन लागत होतं. फार नाही, आपल्याकडे होळीच्या आधी असतं तेवढं. पण यांना निमित्त पुरलं. त्यांनी कूलर उतरवला, तंबूच्या दाराशी मांडला, इन्व्हर्टर जोडला, आणि वस्तीच्या टाक्यातून बादली भरून आणून कूलरमध्ये ओतली. दुसरी आणली. तिसरी आणायला निघाले तेव्हा भँवरसिंग बकऱ्यांमधून उठून आला. कूलरभोवती फिरला. जाळीतून आत वाकून पाहिलं.

"हुकुम," तो म्हणाला, तिकडे आदराने असंच म्हणतात, "इसके अंदर मुर्गियाँ हैं क्या?"

"नाही हो, मुर्गी कहाँ से! कूलर है."

"तो पानी कौन पी रहा है?"

यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पंप गुरगुरला, वाळ्याचा वास आला, गार झोत भँवरसिंगच्या मिशांवर गेला. त्याने मिशांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "पानी से हवा बनाते हो." त्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्याने देव्हाऱ्यासमोर चपला घातल्या तर आपण जसं काही न बोलता त्याच्याकडे पाहतो, तसं तो पाहत होता. नंतर त्याने सांगितलं की त्या टाक्यातलं पाणी टँकरने येतं, आणि टँकर त्याला वाटेल तेव्हा येतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बंद करा ते," मी म्हणाले. "आधी बंद करा." हे तोपर्यंत स्वतःच बटणाकडे गेले होते. दोघांनी कूलर तिरका करून उरलेलं पाणी बकऱ्यांच्या डोणीत ओतलं. बकऱ्यांना वाळ्याच्या वासाचं पाणी फार आवडलं असावं, कारण त्या नंतर संध्याकाळभर कूलरच्या जाळ्या चाटत राहिल्या. कविताने त्याचंही चित्रण केलं.

सूर्य टेकड्यांमागे गेला आणि कोणीतरी दार उघडून थंडी आत सोडली असं झालं. आम्ही दोघं सुती कपड्यांत, खिशात कांदे. तिकडे हरीश आणि कविता जाकिटं घालून बसलेले. "भाऊ, कूलर लगाऊँ?" हरीश दर थोड्या वेळाने विचारत होता. शेवटी भँवरसिंगने दोन जाड रजया आणून आमच्या अंगावर टाकल्या आणि आम्ही शेकोटीपाशी दोन गाठोडी होऊन बसलो.

इज्जत वाचवली ती माझ्या मसाल्याने. मी माहेरचा सावजी मसाला बरोबर नेला होता आणि येताना जैसलमेरात मटण घेतलं होतं. भँवरसिंगच्या चुलीवर मी रस्सा केला, वर बोटभर तेलाची तर्री आली. त्याच्या बायकोने बाजरीच्या भाकरी थापल्या, बरोबर तिकडच्या झुडपांच्या फळाशेंगांची, केर-सांगरीची भाजी आणि लसणाची चटणी. भँवरसिंग म्हणाला, "हम लोग भी तीखा खाते हैं, हुकुम." मी वाटी भरून दिली. पहिल्या घासानंतर तो थांबला. डोळ्यांतून पाणी आलं. पागोट्याच्या शेवाने नाक पुसलं. आणि वाटी पुढे केली. दुसऱ्यांदा वाढताना मला गेल्या कित्येक वर्षांत वाटला नव्हता एवढा आनंद वाटला. बाजरीची भाकरी आमच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जड, पण सावजी रश्शाला ती अशी काही जुळली की मी आता घरी तीच करते.

रविवार

सकाळच्या न्याहारीला कविताने घरून आणलेलं दाल-पकवान होतं. डाळ उत्तम, पकवान कुरकुरीत, आणि त्याहून कुरकुरीत वाळू. वाळवंटात वाळू खाल्ल्याशिवाय काहीच खाता येत नाही, हे एकदा मान्य केलं की जेवण सुखाचं होतं. त्याआधी मी पाण्याची बाटली घेऊन टेकडीमागे गेले होते आणि परत येताना रस्ता चुकले. सगळ्या टेकड्या एकीसारखी दुसरी. आमच्या खुणेचं झाड नाही, पानठेला नाही. मी बराच वेळ चुकीच्या बाजूला चालले, मग दूर उन्हात काहीतरी चमकलं. तो आमचा कूलर होता. त्याच्या रोखाने चालत आले. हे मी यांना सांगितलं नाही, उगाच मोठे झाले असते.

सामान गाडीत भरलं. "वह डिब्बा यहीं छोड़ दो, भाऊ, वज़न है," हरीश म्हणाला. यांनी कूलर चढवला आणि दोरीने घट्ट बांधला.

निघण्याआधी एक शेवटची चक्कर ठरली. आणि इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या सकाळी काय झालं कोण जाणे, माझी भीती कुठेतरी गळून पडली. गाडी टेकडी चढायला लागली की समोर नुसतं आभाळ दिसतं, खाली काय आहे ते दिसत नाही, आणि मग नाक खाली होतं आणि पोट वर राहतं. पहिल्यांदा मी किंचाळले. दुसऱ्यांदाही किंचाळले, पण ते किंचाळणं वेगळं होतं. आणि माझ्या शेजारी हे मोठ्याने हसत होते. तोंड उघडून, मान मागे टाकून. खापरखेड्याच्या कॉलनीत आम्ही नवे होतो तेव्हा हे असे हसायचे. मी ते विसरूनच गेले होते.

"बस झालं?" यांनी विचारलं. "परत जाऊ?"

पुढे एक टेकडी होती, बाकीच्यांपेक्षा उंच, वरची कड सुरीने कापल्यासारखी.

"ती राहिली ना," मी म्हणाले. "तीबी चढवा."

"उंच आहे वं."

"चढवा जी. एकदाच."

यांनी त्या कडेवर एकदा नजर टाकली. मग गिअर टाकला.

गाडी अर्ध्याच्या वर गेली. तिथे इंजिन ओरडलं, चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला, आणि गाडी शांतपणे खाली बसायला लागली. यांनी आणखी जोर दिला. आणखी बसली. शेवटी ती पोटावर टेकली आणि चाकं अर्धी वाळूत गेली. इंजिन बंद केल्यावर वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

 विकायची, हा शब्द आम्हा दोघांच्या मध्ये बसला होता.

खालून हरीश आला तो धावतच आला. त्याच्या खांद्यावर दोर होता आणि चेहऱ्यावर दिवाळी होती. "भाऊ! खींच दूँ क्या? अभी खींच देता हूँ! दोन मिनिट!"

मागून भँवरसिंग आला. त्याला सगळं ठाऊक होतं, कारण हरीशने त्याला आमच्या अटीची कथा आदल्या रात्रीच मसाल्यासकट सांगितली होती. त्याने विचार करून सुचवलं, "ऊँट से खींच लो. ऊँट गाड़ी थोड़े ही है."

हरीशलाही हे पटलं. "हाँ भाभी, ऊँट चलेगा. शर्त में ऊँट नहीं था."

"बैल होते ना!" मी म्हणाले. "बैलांनं ओढली म्हणून तर अट घातली. बैल नाही चालत आणि उंट चालते, हे कोणत्या पुस्तकात आहे?" मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. सवयीने माझ्यातली शिक्षिका बोलली होती. सुटायला एक वाट होती, तीही मीच बंद केली.

हे खाली उतरले. चाकाकडे पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बांध गा दोर, हरीश. शब्द देला आहे."

हरीशचा चेहरा एकदम उतरला. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो दोर त्याच्या हातात होता, आणि त्याला तो बांधवेना. पण यांनी पुन्हा सांगितलं, म्हणून त्याने वाकून हुक आमच्या गाडीला अडकवला. हे दोन पावलं बाजूला जाऊन उभे राहिले. गाडीच्या टपावरची वाळू हाताने झाडत होते. तसे हात मी ओळखते. खुर्चीत बसून असेच ते हातावरची धूळ झाडत राहायचे, धूळ नसली तरी.

 अट मीच घातली होती, आणि त्या टेकडीवर चढवायलाही मीच लावलं होतं. गाडी विकली तर अंगण मोकळं होईल, मोगरा परत येईल, पातेली स्वच्छ राहतील, आणि व्हरांड्यात ती खुर्ची पुन्हा भरेल. मला ते नको होतं. इतकं नको होतं की रडू यायच्या बेतात असताना मला राग आला.

"हरीश, तो दोर काढ," मी म्हणाले.

"भाभी?"

"काढ म्हणून राहिली ना मी. अजून कोणी ओढली नाही. ओढल्यावर विकायची आहे, रुतल्यावर नाही." मी पदर खोचला आणि मागच्या चाकाशी जाऊन बसले. टायरच्या नळीची टोपी फिरवून काढली, अंबाड्यातला आकडा ओढला आणि आत दाबला. सूंऽऽ.

"अवं, काय करून राहिली!" हे धावत आले. "प्रेशर!"

"उतरू द्या."

"मी करतो. थांब."

"तुमच्यानं होत नाही. तुम्ही तिकडं पाहा."

ते खरोखर तिकडे पाहायला लागले. चारही टायरची हवा मी कमी केली आणि प्रत्येक वेळी आवाज सुरू झाला की त्यांचा खांदा जरासा उडायचा. टायर फतकल मारून बसले. भँवरसिंग आणि हरीश हातांनी वाळू उपसत होते, मी रश्शाचं पातेलं घेऊन उपसत होते. पण वाळू काढावी तेवढी वरून घसरत होती. "नीचे कुछ रखना पड़ेगा," भँवरसिंग म्हणाला. "लकड़ी, पटिया." आजूबाजूला पाहिलं. लाकूड सोडा, एक काडी नव्हती.

हे एकदम वळले. गाडीच्या मागे गेले, दोरी सोडली आणि कूलरच्या जाळीच्या तिन्ही चौकटी खटाखट काढून आणल्या. दोन मागच्या चाकांपुढे खुपसल्या, एक पुढच्या चाकापुढे.  हरीशसुद्धा हसला नाही.

हे गाडीत बसले. सावकाश क्लच सोडला. पत्रा करकरला, वाळा चुरडला गेला आणि त्या कोरड्या वाळूत एकाएकी आमच्या घरातल्या उन्हाळ्याचा वास सुटला. चाक जाळीवर चढलं. आम्ही तिघं मागून लोटत होतो. गाडी हलली, उठली, आणि निघाली. चढून, कड ओलांडून, पलीकडे नाहीशी झाली.

"रुकना मत, हुकुम!" भँवरसिंग ओरडला. "रुके तो फिर धँसोगे!"

हे थांबले नाहीत. वाळूत थांबायचं नाही हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की पलीकडच्या सपाटीवर गोल गोल चकरा मारायला लागले. कडेवर उभी राहून मी हाका मारत होते, "अवो, मी राहिली ना!" तर ते दर फेरीला खिडकीतून हात हलवून ओरडायचे, "थांबता येत नाही वं!" शेवटी भँवरसिंगने दूरची कडक जमीन दाखवली, तिकडे गाडी गेली. मी तीन वाकलेल्या जाळ्या डोक्यावर घेऊन टेकडी उतरले. केसांत वाळा, पदरात वाळू. कविता खिडकीतून चित्रण करत होती, पण पहिल्यांदाच तिने खाली उतरून एक जाळी माझ्या डोक्यावरून घेतली.

गाडीपाशी पोहोचले. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं. अटीबद्दल कोणीच बोललं नाही. हरीशने दोर पुन्हा नीट गुंडाळून ठेवला, आणि बरं वाटतंय की वाईट हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

प्रतापनगर

आता इथे ऊन चढायला लागलं आहे. ते खरं ऊन, आमचं. काल यांनी कूलर काढून खिडकीत मांडला. जाळ्या हातोडीने ठोकून सरळ केल्या, तरी नीट बसत नाहीत. कडेकडेने फटी राहतात, वाळा गळतो, गरम हवा आत येते, आणि पंखा सुरू केला की अजूनही थोडी वाळू घरात उडते. जेवताना ती दाताखाली येते.

"मिस्त्रीकडून नव्या जाळ्या आणू का?" यांनी विचारलं. "पंधरा मिनिटांचं काम आहे."

मी घामाने निथळत होते. समोर व्हरांड्यातल्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं, तिच्यावर माझ्या मोगऱ्याची एक कुंडी ठेवली होती.

"नव्या आणा," मी म्हणाले. "पण ह्या फेकू नका. गाडीत ठेवा."